पाटील तीन

आठवी 'ब'च्या हजेरीत आम्ही तीन पाटील होतो. बाईंनी वैतागून पहिल्याच आठवड्यात नंबर लावून टाकले: पाटील एक, पाटील दोन, पाटील तीन. तिसरा मी. मैदानावर पोरं "ए तीन!" ओरडायची आणि माझं तोंड उतरायचं.

पुढे नोकरीने घानात, तेमा बंदरात नेऊन टाकलं. गोदामाच्या हिशेबाला माझ्यासोबत एक मेन्सा होते. दुपारी मक्याच्या पिठाची भाकरी दोघांत मोडताना हा किस्सा सांगितला, तर ते टेबल बडवून हसले. "मग तुम्हीही मेन्साच की!" घानातल्या अकान लोकांत मेन्सा म्हणजे तिसरा मुलगा. चौथा अनान, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अनान यांचं आडनाव तेच, आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. मी मंगळवारचा, म्हणून क्वाबेना (मंगळवारी जन्मलेला) मेन्सा झालो.

गंमत म्हणजे ते स्वतः घरात थोरले! पूर्वी तिथे सख्ख्या भावांचीही नावं वेगवेगळी असत, कूळ तर आईचंच. बापाचं नाव आडनाव होऊन पुढे चालणं ही नंतरची रीत. शेवटी हजेरीपटाचीच करामत, दुसरं काय!

नावाचा त्यांना भारी अभिमान. ई. टी. मेन्सा हे हायलाइफ या तिथल्या नाचगाण्याच्या संगीताचे बादशहा, पेशाने औषधवाले. 1956 साली अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग राजधानी आक्राला आले तेव्हा त्यांच्यासोबत वाजवलेले. ई. टी. अकान नव्हेत, गा समाजाचे, पण अकानांचं हे नाव शेजाऱ्यांनीही उचललेलं. थॉमस मेन्सा 1996 साली आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. बंदरातल्या माणसाला याचं कौतुक फुटबॉलपेक्षा जास्त असावं, पण नव्हतं.

2 जुलै 2010. वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, घाना विरुद्ध उरुग्वे. आम्ही चॉप बारमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, पुढ्यात केंके (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा) आणि तळलेला मासा. एक-एक बरोबरी, मग पेनल्टी. ग्यानने मारली, आपियाने मारली. तिसरीला कर्णधार जॉन मेन्सा पुढे आला. आमचे मेन्सा उभे राहिले, माझा हात घट्ट धरून. चेंडू गोलकीपरने अडवला. घाना हरला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी केंकेची ताटली माझ्याकडे सरकवली. "खा, पाटील तीन."