९८ की ९९?

रविवार, रात्री

टायन ब्रिजखालून जाताना डोकं सांभाळून चालायची आता सवयच झालीये, वर किटीवेकची घरटी आणि खाली प्रसाद. खरं तर हा समुद्रावरचा पक्षी, कड्यांवर घरटं करणारा, पण इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या मधोमध लोखंडी पुलावर संसार थाटून बसलाय आणि आवाज तर विचारू नका.

सध्या ऑफिसात नॉर्थ सीमधल्या पवनचक्क्यांचे रिपोर्ट वाचतेय त्यामुळे हेच पक्षी डोक्यात. चक्कीला किती धडकून मरतील हे काढायला इथे बँड मॉडेल वापरतात, मुळात एक एक्सेल शीटच. पक्ष्याची लांबी, पंख केवढे, वेग, किती उंचीवरून उडतो, पाती किती जोरात फिरतात, सगळं भरायचं. दोन वर्षं दर महिन्याला विमानातून फोटो काढून पक्षी मोजतात, तो आकडाही त्यातच. आणि एवढं करून शेवटी काय, तर पक्षी पातं चुकवून किती वेळा वळतो ती एक टक्केवारी शंभरातून वजा करायची आणि उरेल त्याने गुणायचं. ९८ धरलं तर धडकणारे उरले २ टक्के, ९९ धरलं तर १. मेलेले पक्षी सरळ निम्मे! दोन वर्षांचं विमान उडवणं एकीकडे आणि हा एक टक्का एकीकडे.

बरं, पडताळायचं कसं? जमिनीवर चक्कीखाली मेलेले पक्षी शोधता तरी येतात, समुद्रात सगळं वाहून जातं. इंग्लंडजवळच्या थॅनेट या समुद्री पवनचक्की-प्रकल्पात कॅमेरे लावले तर बारा हजारांवर व्हिडिओंत धडका फक्त ६. स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनजवळच्या चक्क्यांच्या २०२३ च्या रिपोर्टात तर एकही नाही. कंपन्या खूश. पण कॅमेरे काही सगळ्या चक्क्यांवर नव्हते, आणि दुसरं म्हणजे काही पक्षी धडकत नाहीत कारण ते तिथे फिरकतच नाहीत, म्हणजे खायची जागा गेली. लंडन ॲरे या समुद्री पवनचक्की-प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये रद्द झाला त्यात रेड-थ्रोटेड डायव्हर या अशाच बुजऱ्या पक्ष्याचा मोठा वाटा होता.

पक्ष्यांच्या नुकसानाची भरपाई हा तर वेगळाच प्रकार. हॉर्नसी थ्री या पवनचक्की-प्रकल्पासाठी सफोकजवळ समुद्रात किटीवेकना घरट्यांचे मनोरे उभारलेत. अहो, ज्याला पूलसुद्धा चालतो त्याला जागेची कसली टंचाई! टंचाई आहे त्याच्या खाण्याची, म्हणजे सँडईल या छोट्या माशाची, आणि समुद्र तापतोय म्हणून ती आणखी वाढतेय, तेच तापणं थांबवायला या चक्क्या, म्हणजे विरोध तरी कुठल्या तोंडाने करायचा. माझ्या मते २०२४ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ सीत आणि स्कॉटलंडात सँडईलची मासेमारी बंद केली ते मनोऱ्यांपेक्षा जास्त कामाचं.

आपल्याकडेही गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात ५००-५०० मेगावॅटसाठी केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केलीये. पावसाळ्यात वादळानंतर कोकणच्या किनाऱ्यावर थकलेला मास्क्ड बूबी हा समुद्रपक्षी सापडल्याच्या बातम्या येतात ना, तो एरवी समुद्रात नेमका कुठे असतो, किती असतात? त्या ढगांत विमान कोण उडवणार, आणि बोटीतून मोजावं तर जून-जुलैत मासेमारीबंदी. आधीचा आकडाच नसेल तर नंतर किती घटले ते कशावरून ठरवणार? चक्क्या लावायच्या आधीपासून समुद्रातल्या तरंगत्या बोयांवर वर्षभर कॅमेरे आणि रडार ठेवा की, सात हजार कोटींत तेवढं बसायला हरकत नाही.