डुकराच्या फासळ्या आणि कुकरच्या शिट्ट्या

माझी पिठाची चक्की आहे, त्यामुळे गावात रविवारी कोणाच्या घरी काय शिजणार हे मला शनिवारीच कळतं. कोणी पावशेर मसाला आणला, त्यात दगडफूल आणि सुकं खोबरं जरा जास्त दिसलं, की समजून घ्यायचं. मशीन चालू असते तोवर बायका ओट्यावर टेकतात आणि मग कोणीतरी विचारतंच, "ताई, मटनाले चार शिट्ट्या पुरते, मंग डुकराच्या फासळ्याले किती घेता?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. शिट्टी एकच, पुढे घड्याळ. हे ऐकून बायका हसतात. त्यांना वाटतं ताई सांगायला कचरते, मसाल्यासारखंच हेही लपवते. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

शिट्टी कशाने होते? आतला दाब वरच्या वजनाला पेलेनासा झाला, वजन उचललं गेलं, वाफ निघाली. बस. मांस शिजलं की नाही याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. गॅस मोठा ठेवा, आठ शिट्ट्या सात-आठ मिनिटांत होऊन जातील. तोच कुकर बारीक आचेवर ठेवला तर तेवढ्याच आठ शिट्ट्यांना पाऊण तास लागेल, किंवा नुसतं फुसफुसत राहील आणि शिट्टी होणारच नाही. शेजारणीच्या आठ आणि तुमच्या आठ यांचा मेळ बसायचा कसा? त्यात एकीचा कुकर तीन लिटरचा, दुसरीचा साडेपाचचा, आणि तिसरी चुलीत पराट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, घालून जाळ करते.

मी बी.एस्सी. केलं ते फुकट गेलं असं आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणतात. पण इथे ते कामी येतं. फासळीला चिवटपणा असतो तो हाडाभोवतीच्या पांढऱ्या धाग्यांचा, कोलॅजनचा. ते सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटीन होतं. उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून तिथे दोन-तीन तास लागतात. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांवर उकळतं आणि तेच काम साधारण अर्ध्या तासात होतं. हे भांडं निघालंच मुळी हाडांसाठी. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला ते दाखवलं, तेव्हा हाडं मऊ करणं हाच त्याचा दावा होता. आपण त्यात वरण-भात लावतो तो भाग वेगळा.

पण कुकरच्या आधी खाटकाकडे जायला हवं, कारण अर्धी गोष्ट तिथेच ठरते. आमच्याकडे गावात फिरणारी काळी डुकरं मी घेत नाही. हिंगणघाटच्या बाजूला एक जण पांढरी यॉर्कशायर जातीची डुकरं पाळतो, बंदिस्त, कणकी-कोंड्यावर. तिथून आणते. यात नखरा नाही. डुक्कर माणसाची घाण खातं तेव्हा पट्टकृमीची अंडी त्याच्या पोटात जातात आणि मांसात साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पिशव्या तयार होतात. असे दाणे दिसले तर ते मांस सरळ परत करायचं, भिडेखातर घ्यायचं नाही. कुकरच्या उष्णतेत ते जंत मरतात हे खरं. कच्चट मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो. पण मेंदूत गाठी होऊन मिरगी येते ती त्या कृमीच्या अंड्यांनी, आणि अंडी पोटात जातात न धुतलेल्या हातांतून, भाजीतून, पाण्यातून. म्हणजे डुक्कर न खाणाऱ्यालाही ते होऊ शकतं. हे मी चक्कीवर सांगितलं की न खाणाऱ्या बायका आधी गप्प होतात आणि मग कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, कसा धुवायचा ते विचारतात.

रानडुकराचं कोणी विचारू नका. तूर आणि हरभऱ्याचा सत्यानाश करतं, रात्र रात्र जागून राखण करावी लागते, सगळं कबूल. पण १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि माझ्या कुकरमध्ये ते येणार नाही.

खाटकाला सांगायचं, फासळ्या दोन-दोन हाडांच्या पट्टीत सोड, सत्तूरने आडव्या ठेचू नको. ठेचलं की हाडाचे बारीक कण रश्श्यात उतरतात आणि जेवताना दाताखाली येतात. केस पराटीच्या नाहीतर तणसाच्या जाळावर भाजून खरवडलेले असतील तर त्वचेला धुराचा वास राहतो. मला तो आवडतो. गॅसच्या टॉर्चने भाजलेल्याला तो येत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम झिल्लीचं. फासळीच्या आतल्या बाजूला, जिथे हाडं उघडी दिसतात तिथे, पातळ चकचकीत पडदा असतो. कडेच्या हाडापाशी सुरीचं टोक आत सरकवायचं, जरासं उचलायचं. बोटाने धरायला गेलं की निसटतं, म्हणून सुक्या फडक्याने चिमटीत पकडायचं आणि एका दमात ओढायचं. चांगली निघाली तर अख्खी पट्टी सोलून येते. ती राहिली तर कितीही शिजवा, दाताला रबर लागतं आणि मसालाही आत जात नाही. कच्ची पपई चोळायचा सल्ला बरेच देतात. कुकरात शिजवायचं तर मी सांगेन, नको. बाहेरचं मांस पिठूळ होतं आणि हाडाजवळचं होतं तसंच राहतं.

किलोभर फासळ्यांना दोन चमचे अद्रक-लसूण, हळद, मीठ आणि भिवापुरी तिखट. चोळून तासभर ठेवायच्या. मसाला सावजी वळणाचा: धने, जिरे, लवंग, मिरे, मोठी इलायची, तेजपान, दगडफूल, सुकं खोबरं, सगळं काळपट होईतो भाजलेलं. सावजी ही कोष्ट्यांच्या घरची रीत, नागपूरच्या खानावळींनी नावारूपाला आणलेली. तिथे रश्श्याला दाटपणा यायला भाजलेल्या ज्वारीचं पीठ लावतात. माझ्याकडे त्याची सोय आयतीच आहे. तिखटाचं गिऱ्हाईक गेलं की मशीन साफ करायला मी दोन मुठी ज्वारी टाकून काढते. ते पीठ केशरी येतं आणि नाकाला झोंबतं. कोणाला विकता येत नाही, टाकवत नाही. तेच मी कढईत कोरडं भाजून डब्यात भरते. माझ्या रश्श्याचं गुपित म्हणाल तर एवढंच, आणि ते चक्कीवाल्यालाच परवडतं.

आता कुकर. तेल अगदी चमचाभर, कारण फासळीची चरबी सुटणारच आहे. आधी फासळ्या चरबीची बाजू खाली करून कुकरातच लालसर परतायच्या, घाई न करता. सुटलेल्या चरबीत कांदा काळसर होईतो परतायचा, मग मसाला. पाणी एक पेला, त्याहून जास्त नाही. डुकराला स्वतःचं पाणी खूप सुटतं, आणि पाणी वाढवलं की चव पातळ होते. झाकण लावायचं, मोठ्या आचेवर पहिली शिट्टी येऊ द्यायची, लगेच आच अगदी बारीक करायची आणि घड्याळ बघायचं. पाळलेल्या कोवळ्या डुकराला २० ते २५ मिनिटं. जून असेल तर ३५. गॅस बंद.

आणि मग आमच्या घरात भांडण होतं.

मामाजींचा जन्म गेला गंजातलं मटण खाण्यात. झाकणावर पाणी ठेवायचं, ते गरम झालं की तेच आत ओतायचं, तीन तास चुलीजवळ बसायचं. त्यांना त्या तीन तासांत भूक लागत नव्हती म्हणे. पण कुकर बंद झाल्यावरची पंधरा मिनिटं त्यांना काढवत नाहीत.

"सुनबाई, उचल नं ते शिट्टी सराट्यानं."

"मामाजी, दाब बसू द्या आपोआप."

"अवं, गॅस बंद केला नं तुनं? मंग काहून थांबतं?"

थांबते ते यासाठी. बंद केल्यावरही आतलं पाणी शंभराच्या वरच असतं. शिट्टी उचलली की दाब एकदम पडतो आणि ते पाणी सगळं एकाच वेळी खवळून उकळतं. मांसाच्या आतलं पाणीही त्यात आलं. ते वाफ होऊन धाग्यांतून बाहेर पडतं आणि मऊ झालेलं मांस कोरडं, दोऱ्या-दोऱ्याचं होतं. वर चरबीचा फवारा शिट्टीतून भिंतीवर उडतो तो निराळा. दाब आपोआप उतरू दिला की रस जागच्या जागी राहतो. याच कारणाने एकदम चाळीस-पन्नास मिनिटंही लावू नयेत. कोलॅजन विरघळून झाल्यावर पुढे नुसता रस निघत राहतो. फासळी चरबीवाली असल्यामुळे थोडं जास्त झालेलं सोसते, पुठ्ठ्याचं, म्हणजे मागच्या मांडीचं, मांस सोसत नाही.

झाकण उघडल्यावर हाड धरून हलवून बघायचं. हाड फिरलं पाहिजे, पण मांस गळून पडलं नाही पाहिजे. गळून पडलेलं मला शिजलेलं वाटत नाही, विस्कटलेलं वाटतं. इथे मतं वेगळी असू शकतात. जाऊबाईंना तसंच लागतं आणि त्या त्यांच्या वाटच्या फासळ्या आणखी दहा मिनिटं लावतात.

वर तरंगणारी चरबी पळीने काढून वाटीत ठेवायची. सगळी काढायची नाही, तर्री तिचीच असते. केशरी पीठ पाण्यात कालवून लावायचं, पाच मिनिटं उघडंच उकळायचं, सांबार टाकायचा. सोबत ज्वारीची भाकर आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

पुण्यात नोकरीला असलेला पोरगा अमेरिकन बार्बेक्यूचे व्हिडिओ पाठवतो, आई हे कर म्हणतो. त्याच्यासाठी अर्ध्या फासळ्या पीठ लावायच्या आधीच बाहेर काढते. काढलेली चरबी लोखंडी तव्यावर, त्यात गूळ, चिंचेचा कोळ, तिखट आणि कुकरातला पळीभर रस. बुडबुडे जाड आले की फासळ्या त्यात घोळवायच्या, कडा काळ्या होईतो. गूळ लवकर करपतो, तव्यापासून हलायचं नाही. मामाजींनी याला "गोड मटन" म्हणून नाक मुरडलं, पण ताटात हाडंच उरली होती.

उरलं तर हिवाळ्यात सकाळी डब्यातला रस्सा थरथरता घट्ट झालेला दिसेल. ते पिठाने नाही, पिठाचा घट्टपणा असा थरथरत नाही. ते जिलेटीन. असा गोठला तर समजा वेळ बरोबर लागला होता. गरम करताना पाणी घालू नका, आपोआप वितळतो.

एक सांगायचं राहिलं. कुकर कितीही घासा, वास रबराच्या रिंगमध्ये राहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वरणाला लागतो. आमच्या घरात सगळेच खाणारे नाहीत. म्हणून मी रिंग वेगळीच घेऊन ठेवली आहे, खिळ्याला टांगलेली, तिच्यावर लाल दोरा बांधलाय. रिंग कडक झाली, की दाब धरत नाही आणि वाफ कडेने निघत राहते. तेव्हा ती बदलायची, मिनिटं वाढवायची नाहीत.