पौषात थांबणारा खोकला

मार्गशीर्षातली लग्नांची दाट तिथी होती. माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं तेवढ्यात बँडच्या लाल कोटातला एक ट्रॉम्बोनवाला वाकून आत आला. "मिस्तरी, स्लाईड जाम झाली. संध्याकाळी सातला गंगापूर रोडला वरात आहे." एवढं बोलेपर्यंत तो दोनदा थांबून खोकला. कोरडा, छातीच्या तळातून येणारा खोकला. भांडी बाजाराच्या ठोकाठोकीत एकमेकांचं ऐकायची इथं सगळ्यांना सवय आहे, तरी त्याला वाक्य परत म्हणावं लागलं.

थंडीत स्लाईड, म्हणजे ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याची पुढं-मागं सरकणारी नळी, जाम होणं नाशिकला नवीन नाही. बँडवाले स्लाईडला खोबरेल लावतात. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि डिसेंबरात रात्री इथला पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. ट्रॉम्बोनच्या आतल्या दोन नळ्यांच्या टोकाचे चार-पाच इंच किंचित जाड असतात, त्यांना स्टॉकिंग म्हणतात. बाहेरची नळी फक्त तेवढ्यावरच सरकते. दोघींमधली फट वहीच्या कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे दशांश मिलिमीटरच्या आसपास. त्या फटीत गोठलेलं खोबरेल बसलं की मेण ओतल्यासारखं होतं. म्हणून मला वाटलं, कोमट पाण्याचं फडकं गुंडाळू, पाच मिनिटांत सुटेल, चहा होईपर्यंत माणूस मोकळा.

आधी माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा भाग. तोही अडकलेला, आणि कुणीतरी पकडीनं पिळून बघितलेलं. हे करू नये. माउथपीस ज्या नळीत बसतो ती लीडपाइप पातळ असते. माउथपीस सुटण्याआधी ती पिळवटते किंवा तिचा जोड उखडतो. माउथपीस ओढून काढायचं एक साधं शिकंजासारखं यंत्र मिळतं. ते लावून दोन्ही स्क्रू सारखे फिरवायचे, की टक् आवाज होऊन तो सरळ बाहेर येतो. तसा आला. टोकावर आतून काळा-हिरवा थर होता. बोटानं पुसला तर शेवाळासारखा निसटला.

मग स्लाईडवर फडकं. हात बुडवून ठेवता येईल इतकंच कोमट पाणी घ्यायचं. उकळतं पाणी टाकलं की लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा लेप, सुटून पापुद्रे निघतात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खोबरेल विरघळून नळीवर ओघळलं, पण स्लाईड हलेना. तेव्हा कळलं की अडथळा तेलाचा नाही. माउथपीसच्या बाजूनं कोमट साबणपाणी ओतून नळी उभी टांगून ठेवली. अर्ध्या तासानं बाहेरची नळी धरून सरळ खाली ओढली. तिरकं ओढायचं नाही, नाहीतर नळ्या वाकतात. फच्च आवाज करत ती सुटली आणि दुकानात तुंबलेल्या मोरीचा वास पसरला.

पहिलं पाणी मी नेहमी पांढऱ्या एनॅमलच्या वाडग्यात धरतो, काय पडतं ते दिसावं म्हणून. त्या दिवशी आधी तपकिरी पाणी आलं, मागून हिरवट जेलीचे लांब तुकडे, मग सुपारीचा चुरा. बेलच्या, म्हणजे वाद्याच्या कर्ण्याच्या, मागच्या वळणातून सात-आठ तांदूळ पडले. अक्षता होत्या त्या, हळद उडालेल्या. बेलचं तोंड समोर असतं, मंगलाष्टकं संपल्या संपल्या बँड सुरू होतो, त्यामुळे अक्षता पडणं साहजिक आहे. पण आधीच्या सीझनच्या अक्षता तिथं अजून होत्या, म्हणजे तेव्हापासून या नळीत पाणी फिरलेलंच नाही.

बाहेरून वाद्य आरशासारखं चकाकत होतं. बँडमालक पितळेला पॉलिश मारायला माणूस ठेवतात. वरातीच्या फोटोत चकाकी दिसते, नळीचं पोट कुणाला दिसत नाही. बी फ्लॅट टेनर ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर नऊ फुटांच्या आसपास भरते. तीत साचतं ते लोकांना थुंकी वाटते. थुंकी थोडीच असते. खरं म्हणजे श्वासातली वाफ गार पितळेवर थंड होऊन पाणी होते. थंडीत जास्तच. पाणी काढायची चावी स्लाईडच्या खालच्या वळणावर असते आणि तिथलंच पाणी काढते. लीडपाइपची भिंत, ट्यूनिंग स्लाईडचं (सूर जुळवायच्या नळीचं) वळण, स्टॉकिंगच्या वरची जागा ओलीच राहते. त्यात अन्नाचे कण, सुपारी, तेल. वर केसमध्ये मखमल, झाकण बंद. बुरशीला आणखी काय हवं?

वाडगा बघून तो गप्प झाला. मग म्हणाला, "मिस्तरी, हे माझ्या पोटात जातं का?"

पोटात नाही, पण छातीत जाऊ शकतं. पितळी वाद्य फुंकणारा श्वास ओठांच्या कोपऱ्यांतून घेतो, नाकानं नव्हे. वरातीत एकामागून एक गाणी, मध्ये उसंत नाही, माउथपीस ओठावरून उचलायलाही वेळ नसतो. अशा वेळी थोडा श्वास नळीतूनच ओढला जातो, आणि त्याबरोबर नळीतले तुषारही.

त्यानं पिशवीतून फाइल काढली. थुंकीची टीबीची तपासणी दोनदा, दोन्ही वेळा निगेटिव्ह. एक्स-रे. खोकल्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या, एक पंप. तीन वर्षं असंच चाललं होतं. ताप कधी कधी संध्याकाळी, जिना चढताना धाप, वजन थोडं उतरलेलं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक छातीचे डॉक्टर आहेत, हौसेनं सॅक्सोफोन वाजवतात. मी त्यांना फोन लावला आणि वाडग्याचं वर्णन केलं. ते हसले नाहीत. म्हणाले, २०१० मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याची केस छापून आली होती. पंधरा वर्षांचा खोकला. वाद्यातल्या द्रवात बुरशी आणि मायकोबॅक्टेरिया वाढलेले सापडले. नळी अल्कोहोलनं नियमित साफ करायला लागल्यावर खोकला गेला. २०१६ मध्ये इंग्लंडमधून बॅगपाइप वाजवणाऱ्याची अशीच केस आली, तो मात्र वाचला नव्हता. हा संसर्ग नव्हे. श्वासात वारंवार जाणाऱ्या बुरशीविरुद्ध फुप्फुसाची स्वतःचीच प्रतिक्रिया. कबुतरं पाळणाऱ्यांना होते, कुबट चारा हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना होते, त्यातलीच. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात.

"त्याला फोन द्या," ते म्हणाले. मी स्पीकर लावला.

"घरी कबुतरं?"

"नाही साहेब."

"दुसरं काम काय करता?"

"दिंडोरीला द्राक्षबागेत. छाटणी, फवारणी. लग्नं नसली की."

इथं डॉक्टर थांबले. फवारणीचं औषध छातीत गेलं तरी असाच खोकला येऊ शकतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची फवारणी नेमकी तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईबरोबरच चालू असते. दोन्ही एकदम सुरू, मग दोष कुणाचा ठरवायचा? थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पौषात खोकला कसा असतो?"

प्रश्न मला आधी कळला नाही. मग उजेड पडला. पौषात लग्नं नसतात, बँड बंद. बाग मात्र पौषातही फवारावीच लागते, द्राक्षावरच्या भुरी रोगाला पंचांग कळत नाही.

तो जरा आठवून म्हणाला, "पौषात बरा असतो साहेब. संक्रांतीनंतर दुसरं-तिसरं लग्न झालं की परत. आषाढातही बरा. गणपतीत थोडा उठतो."

"उद्या या," डॉक्टर म्हणाले, "आणि मिस्तरी, ते पहिलं पाणी फेकू नका. स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजला लावा." शेजारच्या दूधवाल्यानं फ्रिजमध्ये ती बाटली ठेवून घ्यायला साफ नकार दिला. तो चुकला असं म्हणता येणार नाही. शेवटी बर्फाच्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळची वरात मात्र तशीच उभी होती. हजेरी बुडाली तर पैसे नाहीत, आणि स्लाईडवाला ऐनवेळी दुसरा मिळत नाही. तेव्हा निदान नळी तरी धुवून द्यायची.

ज्यांच्याकडे ट्रॉम्बोन आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. लांब लवचीक ब्रश लीडपाइपमधून आणि वळणांतून. बाहेरच्या सरळ नळ्यांसाठी सळई, पण तिच्यावर मलमल टोकापासून मुठीपर्यंत गुंडाळलेली हवी. उघडी सळई आत ओरखडे पाडते. ज्या नळीत सळई घातली तीच नळी हातात धरायची. दुसरी धरून जोर लावला की खालचं वळण पिळवटतं आणि दोन नळ्या समांतर राहत नाहीत. घरी साफ केलेल्या निम्म्या स्लाईड याच चुकीनं माझ्याकडे येतात. क्षार धरले असतील तर लिंबूसत्व, लिटरला ५० ग्रॅम, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. जास्त वेळ ठेवलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि आतून गुलाबी दिसू लागतं. शेजारचे तांबट चिंच सुचवतात. चिंच घागरीला बाहेरून ठीक, नळीच्या आत तिचा चोथा अडकतो.

त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक कप लीडपाइपमधून ओतून दोन्ही तोंडं बंद करून हलवायचं, दोन मिनिटं ठेवायचं, काढायचं. ७० टक्केच का? शंभर टक्के भरकन उडून जातं, काम करायला वेळच देत नाही. लॅकरवर सांडू द्यायचं नाही. मग भाग सुटे ठेवून वाळवायचं, केसमध्ये घालायचं नाही.

लीडपाइप उजेडात धरली तर आत तांबूस ठिपके, मध्ये काळसर बिंदू. याला रेड रॉट म्हणतात. तिथं पितळ आतून पोखरलेलं असतं. अजून भोक नव्हतं, पण सीझननंतर लीडपाइप बदलायला सांगितलं.

स्लाईडच्या खालच्या नळीवर स्कूटरच्या हँडलचा पोचा होता. लष्करी बँडात ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत असतात, स्लाईडला पुढं मोकळी जागा मिळावी म्हणून. वरातीत पुढं नाचणारे, मध्ये मोटारसायकली, कडेनं जनरेटरची गाडी. पोचा काढायला नळीच्या मापाचा पोलादी दांडा शिकंज्यात आडवा पकडायचा, नळी त्यावर चढवायची आणि बाहेरून रोलरनं दाबत जायचं. ठोकलं तर पितळ ताणतं आणि पोच्याच्या जागी उंचवटा येतो. मग आतल्या नळ्या जाड काचेवर ठेवून बघायच्या: चारही कोपरे टेकले तर समांतर, डुगडुगल्या तर नाही.

पाण्याच्या चावीचं बूच भुसभुशीत झालेलं होतं. ही गळती वाजवणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त जाणवतं की वरचा सूर लागत नाही, मग तो माउथपीस दातांवर दाबतो आणि रात्री अकराला ओठ सुजतो. दोष बुचाचा, शिक्षा ओठाला. नवं बूच बसवून मग खरी परीक्षा: आतल्या नळ्यांची वरची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी बंद केली की बाहेरची स्लाईड लटकून राहायला हवी, अंगठे काढले की सर्रकन खाली यायला हवी. खाली गादी ठेवावी, एकदा बोटावर घेतलेली आहे. वंगण म्हणून स्टॉकिंगवर कोल्ड क्रीमचा अगदी पातळ हात आणि वरून पाण्याचा फवारा. खोबरेल नको, थंडीत तर नकोच.

साडेपाचला वाद्य हातात दिलं. त्यानं दोन सूर फुंकले, खोकला, परत फुंकले. मी त्याला मलमलीचे दोन तुकडे आणि अल्कोहोलची छोटी बाटली दिली, आणि वरातीनंतर कितीही वाजले तरी केस उघडीच ठेवायला सांगितलं.

डॉक्टरांनी नंतर सीटी स्कॅन करून त्यांचं औषध सुरू केलं. फवारणी बंद करून आधी फक्त धुतलेलं वाद्य, काही आठवड्यांनी मास्क लावून फवारणी, एका वेळी एकच, म्हणजे कळेल, असं त्यांचं म्हणणं. ते अजून चालू आहे. बाटलीतल्या पाण्यात बुरशी वाढली एवढं त्यांनी मला सांगितलं. तिचाच हा खोकला की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

बँडमालकाला मी फोन करून सांगितलं तर त्याचा तोडगा तयार होता: "याला दुसरा ट्रॉम्बोन देतो, हा त्या नव्या पोराला." मी म्हटलं, दुसराही आधी इकडे पाठवा. हुज्जत घालून त्यानं उरलेले तीन पाठवले, धुण्याचे पैसे कशाला, स्लाईडचेच घ्या, असं दोनदा सांगून. एकाच्या लीडपाइपला सुईएवढं भोक पडलेलं, वर मेणाचा ठिगळ. दुसऱ्यात झुरळाची अंडी. तिसऱ्यातून पहिल्यासारखीच जेली निघाली, फक्त तांदूळ नव्हते.

ते घेऊन आलेल्या पोराला विचारलं, "हा वाजवतो तो खोकतो का?"

"सगळेच खोकतात, मिस्तरी," तो म्हणाला, "बिडी आहे ना."