फर्मवेअर अपडेट अडकलं, राउटर ‘गेला’ म्हणाले, तो परत चालू केला त्याचा अनुभव

हे लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे कंपनीच्या हेल्पलाइनवर ऐकलेलं एक वाक्य. "मॅडम, हार्डवेअर गेलंय, आता नवीनच घ्यावा लागेल." हार्डवेअरला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तोच राउटर आत्ता चालू आहे आणि त्याच्याच वायफायवरून हे टाइप करतेय. असं सांगून लोकांचे किती चांगले राउटर भंगारात गेले असतील या विचाराने अजून डोकं तापतं.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर. ते अपडेट करायचं कारण साधं होतं, रिलीज नोटमध्ये सिक्युरिटी फिक्स होते. स्टिकरवरचं मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन जुळवलं (व्ही १, व्ही २ असं छापलेलं असतं, नाव एकच असलं तरी आतला चिपसेट वेगळा असू शकतो म्हणून हे बघायचंच), कंपनीची झिप उघडून आतली बिन फाइल (खरं फर्मवेअर तीच) काढली, वायफाय बंद करून केबल लावली आणि अपलोड केलं. बार शंभर टक्क्यांपर्यंत गेला आणि राउटर परत आलाच नाही. पॉवरचा लाइट एका लयीत लुकलुकतोय, बाकी सगळे बंद, सेटिंगचं पेज उघडत नाही. तो बार बऱ्याच राउटरमध्ये नुसता टायमर असतो हे लक्षात ठेवा, आत फ्लॅशवर, म्हणजे राउटरच्या कायमच्या मेमरीत, खरंच किती लिहून झालंय ते तो दाखवत नाही. त्यामुळे शंभर टक्के दिसले म्हणून लगेच प्लग काढायचा नाही, शांतपणे दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं.

हेल्पलाइनने आधी सांगितलं रीसेट दहा सेकंद दाबा. मग जास्त वेळ दाबा. मग ते जुनं ३०-३०-३०, म्हणजे चालू असताना तीस सेकंद, बंद करून तीस, परत चालू करून तीस, बटण न सोडता. हे सगळं करून घेतलं आणि मग हार्डवेअर गेल्याचा निकाल दिला. आता यात मला चीड कशाची आली ते सांगते. चालू राउटरवर रीसेट दाबलं की ते कळतं कोणाला, तर आत चालू असलेल्या फर्मवेअरला, आणि ते कळलं तरी पुसलं काय जातं, तर फक्त तुमची सेटिंग, फर्मवेअर नाही. फर्मवेअरच उठत नसेल तर नुसतं बटण दिवसभर दाबून बसलात तरी ते दुरुस्त होणार नाही. हे सपोर्टला बसलेल्या माणसाला माहीत असायला हवं, किंवा निदान त्याच्यासमोरच्या स्क्रिप्टमध्ये तरी असायला हवं.

माहीत असायला हवी ती खरी गोष्ट ही, की फ्लॅशमध्ये बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम वेगळ्या भागात असतो, यू-बूट किंवा ब्रॉडकॉमच्या चिपवर सीएफई. नेहमीचं अपडेट सहसा त्याला हात लावत नाही. पॉवर दिली की आधी तो उठतो, मग फर्मवेअर तपासून चालू करतो, आणि फर्मवेअर बिघडलेलं असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये केबलवरून नवीन फाइल घ्यायची सोय त्याच्यात असते. लाइट लुकलुकतोय याचा अर्थ बहुतेक वेळा तो जिवंत आहे. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. काही राउटर रीसेट दाबून चालू केले की एक साधं इमर्जन्सी पेज दाखवतात, फाइल निवडा, अपलोड करा, झालं. काही टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची एक अगदी साधी पद्धत) फाइल यायची वाट बघतात, म्हणजे लॅपटॉपने ती ढकलायची. आणि काही उलटे असतात, ते स्वतः ठरलेल्या आयपीवर (नेटवर्कवरच्या पत्त्यावर) ठरलेल्या नावाची फाइल मागायला जातात, म्हणजे लॅपटॉपला टीएफटीपी सर्व्हर बनवावं लागतं. माझा या तिसऱ्या प्रकारातला.

इथेच सगळा वेळ गेला. कंपनीच्या रिकव्हरीच्या पानावर एवढंच लिहिलेलं की टीएफटीपी सर्व्हर चालू करा आणि राउटर ऑन करा. लॅपटॉपला कुठला आयपी द्यायचा ते नाही, फाइलचं नाव काय ठेवायचं ते नाही. इकडेतिकडे वाचून एकाने सांगितलेला आयपी लावून बघितला, दुसऱ्याने सांगितलेला बघितला, फाइलला चार वेगवेगळी नावं देऊन फोल्डरमध्ये ठेवली, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ येईना. तेव्हा वाटायला लागतं की हेल्पलाइनवालाच खरा.

सुटका झाली ती वायरशार्कने. केबलवरून जाणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे, नावाला घाबरू नका, लॅनचा इंटरफेस निवडायचा आणि कॅप्चर चालू करायचं, बस. मग रीसेट दाबून धरून राउटरला पॉवर दिली, पाच-सात सेकंद बटण सोडलं नाही, आणि स्क्रीनवर एआरपीची ओळ आली, अमुक आयपी कोणाकडे आहे, मला सांगा. म्हणजे राउटर स्वतःच सांगत होता त्याला कोण हवंय! लॅपटॉपला तोच आयपी हाताने दिला, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि परत तसंच केलं, की पुढच्या ओळीत तो फाइल मागताना दिसला, नावासकट. जे नाव कंपनीला एका ओळीत छापता आलं असतं ते असं केबलवर कान लावून काढावं लागलं. मी आयपी आणि नाव इथे देत नाहीये कारण मॉडेलप्रमाणे बदलतं आणि दुसऱ्याचं वापरून तुमचाही असाच वेळ जाईल, स्वतःच्या राउटरलाच विचारा.

एवढं होऊनसुद्धा फाइल जाईना. एक कारण फायरवॉल. टीएफटीपी यूडीपीच्या ६९ पोर्टवर चालतं आणि विंडोज अनोळखी नेटवर्कला पब्लिक धरून येणारं सगळं अडवतं, तेवढ्यापुरती फायरवॉल बंद केली (इंटरनेट तसंही नव्हतं, आणि लॅपटॉपचं वायफाय बंदच ठेवायचं नाहीतर सर्व्हर भलत्याच आयपीवर बसतो). दुसरं कारण जास्त चिवट निघालं आणि ते मला कुठेही सरळ लिहिलेलं सापडलं नव्हतं. राउटर बंद असतो तेव्हा लॅपटॉपच्या दृष्टीने केबलच काढलेली असते, म्हणून आपण दिलेला आयपी पण त्या वेळी चालू नसतो. राउटर ऑन झाला की लिंक येते, विंडोज जागं व्हायला दोन-चार सेकंद घेतं, आणि बूटलोडर वाट बघतो तीच मुळी काही सेकंद. म्हणून कधी जमतंय असं वाटायचं आणि कधी काहीच नाही. उपाय एकदम साधा, मधे एक साधा नेटवर्क स्विच (बऱ्याच केबल एकत्र जोडणारी छोटी पेटी) टाकायचा. लॅपटॉप ते स्विच एक केबल, स्विच ते राउटर दुसरी, राउटरच्या बाजूला लॅनच्या पोर्टात, वॅनच्या (बाहेरून इंटरनेट येतं त्या) नाही. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, लॅपटॉपची लिंक पडत नाही. स्विच लावला आणि पहिल्याच झटक्यात लॉगमध्ये फाइल सरकताना दिसली. अक्षरशः उभी राहून टाळ्या वाजवल्या मी.

फाइल जायला काही सेकंदच लागतात पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, फ्लॅश पुसून त्यावर लिहायचं, त्याला काही मिनिटं लागतात. त्या वेळात प्लगला हात लावायचा नाही. राउटर आपणहून रीस्टार्ट झाला, सगळे लाइट आले, पेज उघडलं. नंतर सेटिंग टाकणं वगैरे पटकन झालं.

हां, सेटिंगवरून आठवलं, हे खरं म्हणजे अपडेटच्या आधी करायचं. सेटिंगची बॅकअप फाइल वेगळ्या फर्मवेअर व्हर्जनवर चालेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा, विशेषतः पीपीपीओई (लॉगिन करून चालू होणारं कनेक्शन) असेल तर युझरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (त्या कनेक्शनचा ठरलेला नंबर), कारण तेच नसेल तर राउटर जिवंत होऊनही इंटरनेट येत नाही. आणि फर्मवेअरची जुनी चालणारी फाइल, टीएफटीपी सर्व्हर आणि वायरशार्क हे तिन्ही आधीच उतरवून ठेवा, राउटर बसल्यावर ते कुठून आणणार. कंपनीने चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायचा कोड) दिलं असेल तर तेही जुळवायचं, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते.

रीसेट नक्की कधी सोडायचं कळत नसेल तर पिंग (राउटर उत्तर देतोय का ते विचारणारी कमांड) सतत चालू ठेवा. सीएफईवाल्या राउटरमध्ये बूटलोडर उत्तर देत असेल तर उत्तराच्या ओळीतला टीटीएल नावाचा आकडा १०० येतो, फर्मवेअर उठलेलं असेल तर बहुतेक ६४. हे माझ्या राउटरला लागू नव्हतं, तो स्वतः पिंगला उत्तरच देत नाही त्या वेळी, पण एका नातेवाइकाचा राउटर नंतर मी याच खुणेवरून पकडला.

माझं ऐकून ओळखीतले दोघं-तिघं म्हणाले की मग अपडेट करायचंच कशाला. हे मला अजिबात पटत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर किमान ५४ देशांतल्या ५ लाखांच्या आसपास राउटर आणि स्टोरेज उपकरणांत घुसलं होतं, जुनं फर्मवेअर तसंच ठेवणं म्हणजे दार उघडं ठेवणं. अपडेट कराच. फक्त इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर असेल तर हाताने फाइल टाकू नका, त्यांचं फर्मवेअर बहुतेक वेगळं असतं आणि तेच ते दुरून बदलतात.

आणि वायरशार्कमध्ये एकही ओळ येत नसेल, स्विच लावून, रीसेट धरून, सगळं करून, तर बूटलोडरच बिघडला असू शकतो किंवा त्या मॉडेलला ही सोयच नसेल. मग शेवटची वाट सिरियल कन्सोलची, म्हणजे बोर्डाला थेट तारा जोडून बूटलोडरशी बोलायची, आणि बूटलोडरच गेला असेल तर बहुतेक तिचाही उपयोग होत नाही. राउटर उघडून बोर्डावरच्या तीन पिनांना यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडायचा, ग्राउंड, आरएक्स (डेटा येण्याची), टीएक्स (डेटा जाण्याची), चौथी पॉवरची पिन जोडायची नाही, स्पीड बऱ्याचदा १,१५,२००. अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टने चिप जळू शकते.