पॉइंट सोडता येत नाही

रविवार, रात्री साडेदहा

मोठ्या दिरांची मुलगी आज जेवायला आली होती. त्र्यंबक रोडच्या पोलिस अकादमीत तिचं फौजदारकीचं प्रशिक्षण चालू आहे. ऊन खाऊन काळवंडलीय, पण हात धुऊन ताटावर बसली ती थेट गप्पांतच शिरली. या आठवड्यात दंगल नियंत्रणाचा सराव होता. आधी जमावाला इशारा, मग अश्रुधूर, लाठीमार, आणि अगदीच इलाज नसेल तर गोळीबार, तोही कमरेखाली नेम धरून. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम १४८ तिला तोंडपाठ आहे. ठाण्याचा प्रभारी अधिकारी जागेवर नसेल तर फौजदारसुद्धा जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. "म्हणजे मी देऊ शकते, काकू," म्हणाली. चोविसाव्या वर्षी!

मला जानेवारी १९९३ आठवला. मी तेव्हा शिकायला मुंबईत, लालबागला मामांकडे होते. डिसेंबरची दंगल शमली म्हणेपर्यंत पुन्हा पेटलेली. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतून रोज सकाळी पाव यायचे. त्या दिवशी दुपारी तिचं शटर फोडल्याचा आवाज आला, मग धूर. मामा धावत चौकातल्या पोलिसांकडे गेले. चौघे होते, बंदुका होत्या. हवालदार म्हणाला, "आमचा पॉइंट इथं आहे, सोडता येत नाही." बेकरी शंभर पावलांवर होती.

पुढे १९९८ साली या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला. मी तो बऱ्याच उशिरा वाचला. मदत मागायला आलेल्यांना, विशेषतः मुसलमानांना, पोलिसांकडून काय उत्तरं मिळाली ते त्यात नोंदलंय, आणि नेमलेली जागा सोडता येत नाही, हे त्यातलंच एक. वाचताना मी पुस्तक मिटून बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो एक हवालदार तसा होता.

आकडे मी तिला सांगितले. दोन्ही महिन्यांत मिळून ९०० माणसं गेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेल्यांत बरेच ओळखच न पटलेले. आणि सगळ्यात जास्त मृत्यू कशाने, तर पोलिसांच्या गोळीबाराने, ३५६. भोसकून मेलेले त्याहून थोडे कमी, ३४७. कमरेखाली नेम असता तर इतकी माणसं मेली असती? हे मी तिला विचारलं नाही. तिचं ताट अर्धं होतं. आयोगाने ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला होता, तेवढं मात्र सांगितलं.

तिने पोलिसांची बाजूही मांडली. झोप नाही, घरी जायला मिळत नाही, वरून स्पष्ट हुकूम नाही, समोर हजार माणसं. हे मलाही पटतं. पण त्या बेकरीसमोर हजार माणसं नव्हती, पंधरा-वीस पोरं होती. त्यांतली दोन आमच्याच चाळीतली. लाठी आपटत चौघे नुसते चालत आले असते तरी ती पळाली असती.

ती बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी सहाच्या आत परत हजर व्हायचं असतं, म्हणून बूट घालायला बसली. नाड्या बांधता बांधता म्हणाली, "काकू, मग तुमच्या मामांनी काय केलं?"

मामा घरी आले आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. तेच तिला सांगितलं.