आमची उन्हाळी सुट्टी श्रावणात येते

"मे महिन्यात येताय ना? आंबे संपायच्या आत या." आईचा हा फोन दरवर्षी एप्रिलात येतो आणि दरवर्षी मला तेच सांगावं लागतं, की मुलांची शाळा चालू आहे.

जर्मनीत सोळा राज्यं. सगळी एकदम सुट्टीला निघाली तर रस्ते तुंबतील, म्हणून प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या. २०२४ साली कोलोनच्या शाळांना ८ जुलैला सुट्टी लागली, त्यामुळे तिथली माझी मैत्रीण आषाढी एकादशीला घरी होती. आम्ही म्युनिकचे, आमचा नंबर शेवटचा. त्या वर्षी आमची सुट्टी २९ जुलै ते ९ सप्टेंबर. चार दिवस आधी निघावं म्हटलं तर तीही सोय नाही. शाळेत जाणं इथे कायद्यानं सक्तीचं आहे. परवानगी न घेता मुलांना घरी ठेवलं तर दंड होऊ शकतो. सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईवडिलांना अडवून विचारल्याचंही इथे घडलं आहे.

म्हणजे आमचा उन्हाळा तो तुमचा श्रावण. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला गाडी वाईकडे, माझ्या माहेराकडे वळली, की दोन्ही बाजूंना हळदीची हिरवीगार शेतं आणि काचेवर पाऊस.

सुरुवातीची काही वर्षं मला याचं फार वाईट वाटायचं. आम्ही सुट्टीवर आणि घरातले सगळे कामावर. दादा ऑफिसला, वहिनी बँकेत, भाचा शाळेत. मला माझ्या लहानपणीची मे महिन्याची सुट्टी हवी होती, गच्चीवर गाद्या आणि अख्खी आतेमामे भावंडं. आता मात्र मला वाटतं, आमच्या मुलांना जे मिळालं ते जास्त मोलाचं आहे. त्यांनी घर सणासुदीचंच नाही, रोजचंही पाहिलं. सकाळी भाच्याचा डबा भरताना माझी लेक ओट्याशी उभी असायची. संध्याकाळी ओला रेनकोट दारातच टाकून तो आत आला, की दोघं मिळून त्याचा गृहपाठ उरकायची. धाकटा तर बाबांच्या मागे मागे. बाबा रोज संध्याकाळी नदीच्या घाटावर पाणी किती चढलं ते बघायला जातात. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन बाजूंना फुटावं म्हणून. १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. नातवानं कागदाची होडी डबक्यात धरून भिंतीची ती युक्ती स्वतः करून पाहिली.

२०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला होती. पंचमीला भावानं बहिणीला माहेरी आणायचं ही आपल्याकडची जुनी रीत. आजी मला जवळ बसवून म्हणाली, "पंचमीला पोरगी माहेरी आली, आता आणखी काय हवं?" मी एकदम गप्प झाले. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं. आजीनं लेकीला शेजारी घेतलं. पारी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं, चारही बाजूंनी घडी घालून चौकोनी पुडी करायची आणि चाळणीत वाफवायची. लेकीची चौथी घडी सारखी सुटायची. आजीनं दुधाचं बोट लावून ती बसवली आणि तेच बोट तिच्या गालाला पुसलं. वाफ मुरलेल्या दिंडावर तूप सोडलं की ते कडेच्या घड्यांत साठतं. तिथून पहिला घास घ्यायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मैत्रिणींच्या भेटी कामाच्या दिवसांत जमवायच्या म्हणजे त्यांच्या वेळेनं घ्यायच्या. शाळेपासूनची एक मैत्रीण औषधाचं दुकान चालवते. पावसाळ्यात ताप-खोकल्याची गर्दी, ती हलणार कशी? मग मीच चार संध्याकाळी तिच्या काउंटरमागे स्टुलावर जाऊन बसले. दोन गिऱ्हाइकांच्या मधे तिनं सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगितलं, मी माझ्या पहिल्या हिवाळ्यातलं एकटेपण सांगितलं. हॉटेलात ठरवून भेटलो असतो तर दोघीही इतकं बोललो नसतो. ज्यांना भेटायचं राहिलं त्या सगळ्यांची इथे मनापासून माफी मागते. राग धरू नका, पुढच्या खेपेला मी तुमच्याच दारात येऊन बसेन.

चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला आली, आणि म्युनिकची शाळा मंगळवारी, १० तारखेला उघडायची होती. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, म्हणूनच हे जमलं. रविवारी दुपारी आरती करून आम्ही घाटावर गेलो. पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं, म्हणून बाबांनी मुलांना वरच्या पायरीवरच थांबवलं आणि दादा मूर्ती घेऊन उतरला. पाटावर मूठभर वाळू घेऊन तो वर आला तेव्हा धाकटा रडत होता. गणपती गेला म्हणून, आणि त्याच रात्री मुंबईहून आमचं विमान होतं म्हणूनही.

"पुढच्या वर्षी लवकर या" असं सगळे ओरडत होते. दादानं ओल्या हातानं खिशातून मोबाइल काढला, तारीख शोधली आणि धाकट्यासमोर धरली. २७ ऑगस्ट २०२५.

"बघ, खरंच लवकर येतोय. अकरा दिवस आधी. तेव्हा तुझी शाळा बंद असते ना?"

त्यानं नाक पुसलं आणि मान डोलावली.