बोटं उघडायला करंट: पॅड कुठे लावायचं आणि किती वेळ

पक्षाघातानंतर मूठ आवळणं बऱ्याच जणांना हळूहळू जमू लागतं, पण उघडणं काही केल्या जमत नाही. पेला हातात येतो आणि सुटत नाही. घरी वापरायला मशीन घ्यायचंच असेल तर ते बोटं उघडणाऱ्या स्नायूंना करंट देणारं घ्यावं. हाताचा सराव करून घेणाऱ्या रोबोटचे फोटो हॉस्पिटलच्या पत्रकात छान दिसतात, पण ब्रिटनमधल्या ‘रॅटल्स’ चाचणीचा २०१९चा निकाल वाचावा. ७७० रुग्ण होते. रोबोटच्या गटाला १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४५-४५ मिनिटं सराव दिला. नेहमीच्या उपचारांच्या मानाने हात थोडा जास्त हलू लागला, कामाला मात्र लागला नाही. पुढे २०२३मध्ये तिथल्या ‘नाइस’ या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने स्ट्रोकनंतर हाताच्या सरावासाठी रोबोट देऊ नये, असं सांगितलं.

मेडिकलच्या दुकानात ‘करंटचं मशीन’ मागितलं की बहुतेक वेळा टेन्स हातात पडतं. ते दुखण्यावरचं. नुसत्या मुंग्या येतात आणि करंट सलग चालू राहतो. आपल्याला चालू-बंद वेळ लावता येणारं मशीन हवं. खोक्यावर ईएमएस किंवा एनएमईएस लिहिलेलं असतं. दोन्ही कामं करणारंही मिळतं. फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती झटके) ३० ते ४० हर्ट्झ, पल्सची रुंदी (एक झटका किती वेळ) २०० ते ३०० मायक्रोसेकंद, आणि करंट एकदम न बसता एक-दोन सेकंदांत चढेल अशी सोय, एवढं पुरे.

रुग्णाचा हात टेबलावर, तळवा खाली. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. तिथून तीन-चार बोटं खाली, हाताच्या मागच्या बाजूला, पहिलं पॅड. दुसरं त्याच रेषेत मनगटाकडे, कोपर-मनगटाच्या मध्याच्या जरा पुढे. जागेचा अंदाज येत नसेल तर चांगल्या हाताची बोटं उघडमिट करून बघा. कातडीखाली जिथे हालचाल जाणवते तीच जागा दुबळ्या हातावर धरा. मग करंट हळूहळू वाढवा.

पहिल्या खेपेला बोटं नीट उघडली तर नशीब. बहुतेकदा मनगट अंगठ्याच्या बाजूला झुकत वर उचललं जातं आणि बोटं उलट आणखी मिटतात. करंट मनगटाच्या स्नायूंत गेलेला असतो. मनगट वर गेलं की तळहाताकडचे स्नायूबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप वळतात, म्हणून करंट वाढवून उपयोग नाही. वरचं पॅड करंगळीच्या बाजूला सेंटिमीटरभर सरकवा. मनगट करंगळीकडे कलत असेल तर उलट करा. बोटं उघडतात पण अंगठा तळहातातच राहतो, तेव्हा खालचं पॅड मनगटाजवळ आणि थोडं अंगठ्याच्या बाजूला न्या. जागा सापडली की बॉलपेनने पॅडभोवती रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा, नाहीतर रोज नव्याने शोधाशोध.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ५ सेकंद चालू, १० सेकंद बंद धरलं तर मिनिटाला चार वेळा हात उघडतो. २० मिनिटांत ८०, दिवसातून दोनदा म्हणजे १६०. अमेरिका-कॅनडातल्या स्ट्रोकनंतरच्या उपचार-केंद्रांत प्रत्यक्ष मोजणी झाली होती (२००९). तिथे थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. दहाएक मिनिटांनी हात कमी उघडू लागला तर स्नायू थकलाय. करंटने तेच ते तंतू एकाच वेळी आवळले जातात, म्हणून थकवा लवकर येतो. अशा वेळी बंद वेळ १५ सेकंद करा, करंट चढवू नका.

आता खरी मेख. करंट चालू असताना रुग्ण टीव्ही बघत बसला तर मशीनचा बराचसा फायदा गेला. करंट चढायच्या क्षणी त्याने स्वतः ‘उघड’ म्हणून जोर लावायचा, दोन्ही हात एकदम उघडायचे. क्लीव्हलँडमधल्या एका चाचणीत (२०१६) ८० रुग्ण होते. एका गटात चांगल्या हातात मोजा घालून तो जेवढा उघडेल तेवढाच करंट दुबळ्या हाताला मिळे. दुसऱ्या गटात करंट ठरल्या वेळी आपोआप येई. ठोकळे उचलून टाकण्याच्या परीक्षेत पहिल्या गटाची प्रगती जास्त झाली. आपल्याकडे तसा मोजा नसला तरी फुलपात्र असतंच. मूठ त्याच्याभोवती, करंट आला की सोडायचं, बंद झाला की पुन्हा धरायचं. दंडाखाली उशी ठेवा. खांदा उतरलेला असेल तर हात ओढून टेबलावर आणू नका.

तेलाने मालिश केलेल्या हातावर पॅड कधीच नीट चिकटत नाही. कडा उचलली जाते, सगळा करंट उरलेल्या कोपऱ्यातून जातो आणि तिथे चटका बसतो. ज्याची संवेदना गेलीय त्याला तो कळतही नाही. मालिश संध्याकाळी करा. पॅड लावण्याआधी साबणाने धुऊन हात कोरडा करा. पॅड काढल्यावर कातडी बघा. हलकी लाली तासाभरात जाते. गेली नाही किंवा फोड आला तर तिथे पुन्हा लावू नका. जेल सुकलं तर पाण्याचा थेंब पुरतो, तरीही चिकटेना झालं की पॅड बदलायचं. पेसमेकर असेल तर हे मशीन नाही म्हणजे नाही. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मूठ इतकी घट्ट असेल की दुसऱ्यालाही उघडता येत नाही, तिथे करंट हरतो. बोटॉक्सबद्दल (घट्ट स्नायू सैल करणारं इंजेक्शन) डॉक्टरांशी बोला. आणि बोटं मशीनशिवाय थोडी हलू लागली की एक खेप करंटने, एक खेप करंटशिवाय असं सुरू करा, मग दोन खेपा बिनकरंटच्या.